आधी पाणी

थांब कोल्बी, तो तारेचा ब्रश गाडीतच राहू दे.
भांडी घासायला आलो नाही आपण.
आधी पाणी. नुसतं पाणी.
दगड तहानलेला असतो;
कोरड्यावर काहीही ओतलंस तर घटाघटा पिईल
आणि मग वर्षानुवर्षं आतून ओकत राहील
पांढरं, मिठासारखं.

खालून वर घासायचं.
हो, खालूनच. वरून सुरुवात केलीस
तर मळाचे ओघळ कोरड्या अंगावर उतरतात,
गालांवर राहतात तसे राहतात.
या टेकडीवर रडून झालंय लोकांचं.
आपण आणखी भर घालायची नाही.

बोटाच्या पेरानं वाजव हा.
टणक? बरं.
आता तो पलीकडचा, पाटीच्या दगडाचा.
बद्द वाजतो ना, नासक्या भोपळ्यासारखा?
त्याला पाणीसुद्धा नको. पापुद्रे सुटलेत.
तो फक्त वाचायचा,
तिरप्या उन्हात, साडेचारच्या सुमाराला,
आणि वहीत उतरवून घ्यायचा.

दगडफुलाशी झटापट करू नकोस.
त्याला भिजू दे, मऊ होऊ दे,
मग ही लाकडाची चपटी काडी.
निघालं तर निघालं.
नाही निघालं तर समज
त्याचाही इथे सात-बारा आहे.

इकडे ये. हात फिरव यावरून.
लागली ना बोटाला? साखर.
वरमाँटचा संगमरवर, इथलाच, डोंगरापलीकडच्या खाणीतला;
दीडशे हिवाळ्यांनी त्याची पिठी केली.
अजून एक जोराचा हात
आणि कुणाचं तरी आडनाव तुझ्या बाहीवर.

तो मेपलखालचा कोरा दिसतो ना,
ती माझी पणजी. आझिल्दा तिबो.
मी एकोणीस वर्षांची होते.
आई म्हणाली, लोक येतील फुलं घेऊन,
आपलीच म्हातारी काळी का दिसावी?
स्वयंपाकघरातली ब्लीचची बाटली, खराटा, दोघी गुडघ्यांवर.
असा पांढरा झाला, असा पांढरा,
आईनं टाळ्या वाजवल्या.
तीन हिवाळे गेले.
चौथ्या वर्षी मी डोळे मिटून बोटांनी नाव शोधलं,
पहिलं अक्षर लागलं. उरलेलं
आम्ही दोघींनी नाल्यात सोडलं होतं.
माया नव्हती असं नाही रे.
माया बादलीभर होती.

चल, आता हा लहानगा.
गुडघ्यापर्यंत रुतलाय, वाकलाय.
फळी लाव, पहार फळीवर टेकव, दगडावर नव्हे.
सावकाश. त्याला घाई कसली?
अल्मायरा पेक, वय वर्षं चार, महिने दोन.
थांब.
मातीखाली अजून काही आहे.
पाणी दे. ब्रश नको, पाणी.

अरे, हा तर हिशेब!
छिन्नीच्या टोकानं ओरखडलेला,
गवताखाली जाईल अशा बेतानं:
नऊ डॉलर. तीन पोचले.

हसू नकोस. हस, हरकत नाही.
बापानं उरलेले सहा दिले की नाही
मला ठाऊक नाही, वहीतही नसेल.
पण वर बघ, तिच्या नावाकडे.
तीन डॉलरांपुरतं कोरलंय का कुठे?
शेवटचं अक्षर पहिल्याइतकंच खोल,
आणि कडेला ही वेल,
जी कुणी मागितलीही नसेल.

फोटो? नको.
खाली खडी घाल, वर वाळू, ठोकून बसव.
सिमेंट नाही, कधीच नाही;
दगडाला जमिनीबरोबर हलता आलं पाहिजे,
नाहीतर मोडतो.
ती ओळ होती तितकीच आत जाऊ दे.
त्या दोघांचं आहे ते.

आता गार वाटू लागलंय.
थंडी धरली की हे काम बंद,
आत शिरलेलं पाणी गोठून दगड फोडतं.
आठवडाभर मिळेल फार तर.
शाळेला लागतात ते तुझे तास किती झाले म्हणालास?
चाळिसातले तीन?

बादली भर.